राउटरवर प्लॅस्टिक शीट कापताना कड का वितळते?



आपल्या बऱ्याच सभासदांची मुले शेतीला जोडधंदा म्हणून सी.एन.सी. राउटर घेऊन नावाच्या पाट्या आणि दुकानांची अक्षरे कापून देतात. मशीन कर्जावर येते, पण शीट रोखीने आणावी लागते. वितळलेल्या कडेची पाटी गिऱ्हाईक घेत नाही, मग आठ बाय चारची शीट भंगारात जाते. म्हणून हा विषय जरा खोलात जाऊन पाहू.

कड बिघडू लागली की बहुतेक जण मशीन हळू करतात. लाकूड, लोखंडावर काम केलेल्याला ते साहजिकच वाटते. प्लॅस्टिकला नेमके तेच बाधते. अॅल्युमिनियमच्या पत्र्यातून उष्णता चटकन पसरून जाते, प्लॅस्टिकमधून ती जात नाही. कापाच्या जागीच साठते. अॅक्रिलिक सुमारे १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. तेव्हा उष्णता बाहेर न्यायची कोणी? निघणाऱ्या किसानेच. किस जाड निघाला तर तो उष्णता घेऊन उडतो. पिठासारखा निघाला तर बिट कापत नसून नुसते घासते आहे असे समजावे.

याचा हिशेब सोपा आहे. मिनिटाचा फीड भागिले फेरे गुणिले धारा, म्हणजे एका धारेने काढलेला किस. समजा स्पिंडल १८,००० फेऱ्यांवर आहे, बिट दोन धारांचे आणि फीड मिनिटाला ६०० मि.मी. आहे. ६०० भागिले ३६,००० म्हणजे ०.०१७ मि.मी. हे घासणेच झाले! तेच एक धारेचे ६ मि.मी. बिट लावून फीड २,७०० केला, तर किस ०.१५ मि.मी. निघतो. अॅक्रिलिकला सुरुवात करायला हा आकडा बरा. मशीन हलके असेल, थरथरत असेल, तर फीड कमी करताना फेरेही त्याच प्रमाणात कमी करावेत. हे बरेच जण विसरतात.

बिट कार्बाइडचे, प्लॅस्टिकसाठीच ठेवलेले असावे. प्लायवूड कापलेले बिट हाताला धारदार लागते, पण अॅक्रिलिकवर त्याची खोड लगेच दिसते. बोथट कोयत्याने ऊस तुटण्याऐवजी चेचतो, तशातलाच प्रकार. बिट एका जागी फिरत राहू देऊ नये. सरळ खाली न टोचता उतरत्या वाटेने शीटमध्ये घालावे. कापाच्या वाटेवर हवेचा झोत हवा, नाहीतर गरम किस मागे पडून पुन्हा चिकटतो. बाहेरून ०.२ ते ०.३ मि.मी. माल राखून शेवटी एक फेरी हलक्या हाताने मारली, की कड चांगली साफ येते.

शीट घेताना 'कास्ट' की 'एक्स्ट्रूडेड' हे दुकानदाराला विचारा. कास्ट शीट राउटरवर स्वच्छ कापते. एक्स्ट्रूडेड स्वस्त पडते, पण लवकर मऊ होऊन बिटाला लपेटते. पाटीच्या कामात वाचलेले पैसे कडा घासण्यातच जातात, असे आमचे मत आहे.

कड वितळली नाही पण टवके उडाले, तर बिटाला दोष देण्याआधी पकड तपासा. पातळ शीट मधे उचलली जाते आणि थरथरते. खाली सपाट एम.डी.एफ. घालून ती सगळीकडून दाबून धरावी. वरचा संरक्षक कागद काम संपेपर्यंत काढू नये. कापलेली कड स्पिरिट किंवा थिनरने पुसू नये, तिथे बारीक तडे जातात. साबणाचे पाणी पुरे.

कन्व्हेयरच्या पट्ट्यांना लागणारे पांढरे पॉलिथिलीन वेगळ्या जातीचे. ते तडकत नाही, पण त्याचे लांब दोरे निघून बिटाभोवती गुंडाळतात. ते दोरे चालू मशीनवर हाताने ओढू नका. स्पिंडल थांबवून पकडीने काढा. त्याच्या कडेला राहिलेली कुसळे पॉलिश पेपरने आणखी फुलतात, म्हणून ती धारदार पात्याने खरवडून काढावीत.