पवई, सीप्झ आणि शिंचू : एक तुलना

एखादा प्रदेश तंत्रज्ञानाचे केंद्र कशामुळे बनतो? जमिनीमुळे, करसवलतींमुळे, की तेथील माणसांमुळे? अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने या प्रश्नाचा विचार करताना मला दूर जावे लागले नाही. त्याचे उदाहरण आपल्या उपनगरातच आहे.

युनेस्को व सोव्हिएत रशिया यांच्या साहाय्याने १९५८ साली मुंबईची आय. आय. टी. सुरू झाली आणि पवई तलावाच्या काठी वसली. पुढे १९७३ साली जवळच अंधेरीला केवळ इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी 'सीप्झ' उभारण्यात आले. म्हणजे विद्या आणि कारखाना दोन्ही हाकेच्या अंतरावर होते.

योगायोग असा की, त्याच १९७३ साली तैवानने औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्था काढली. १९७६ साली अमेरिकेच्या आर. सी. ए. कंपनीशी करार करून आपले अभियंते तिकडे शिकावयास पाठविले. १९८० साली दोन विद्यापीठांच्या शेजारी शिंचू येथे विज्ञान उद्यान उभारले. या संशोधन संस्थेच्या कार्यातूनच १९८७ साली टी. एस. एम. सी. ही कंपनी जन्मली. आज जगातील अत्यंत प्रगत चिप्सपैकी बहुतेक तीच बनविते.

मग आपल्याकडे काय झाले? सीप्झला शुल्कमाफी मिळाली; परंतु माल परदेशी पाठवावयाचा असल्याने देशी बाजारपेठेशी त्याचे नाते बेताचेच राहिले. पुढे तेथे दागिन्यांचा व्यवसाय वाढला. पवईचे अनेक पदवीधर अमेरिकेस गेले. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ साली बंगळूरला गेली. तैवानची राजवट व आकार निराळे होते, आपल्याकडे परकीय चलनाची टंचाई होती, हेही मान्य केले पाहिजे. तरीही प्रयोगशाळा व कारखाना यांना जोडणारा पूल तेथे सरकारने हेतुपुरस्सर बांधला, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प गुजरातला गेला, तेव्हा आपल्या राज्यात मोठा गदारोळ झाला. तळेगावच्या परिसरातील तरुणांच्या नोकऱ्यांचा तो प्रश्न होता. परंतु जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच त्या भागीदारीतून अंग काढून घेतले. ज्या वस्तूवरून शेजाऱ्यांत वाद झाला, ती वस्तूच उरली नाही!

सवलत दिली की कारखाना येतो. शेजाऱ्याने अधिक दिली की तो तिकडे जातो. शिकलेला हात मात्र सहजासहजी हलत नाही. म्हणून नव्या प्रकल्पाची घोषणा ऐकताच आपण 'किती कोटी?' एवढेच न विचारता, 'येथे कोण काय शिकणार?' हेही विचारले पाहिजे.