सहाय्यित निवासाची पारख : मावळ-लोणावळ्यातील अनुभवाचे बोल

तळेगाव दाभाडे ते लोणावळा या पट्ट्यात बंगल्यांमधून चालणारी ज्येष्ठांची छोटी निवासगृहे पुण्या-मुंबईच्या कुटुंबांना सोयीची वाटतात, कारण द्रुतगती मार्गामुळे आणि पुणे-लोणावळा लोकलमुळे भेटीगाठी सुलभ होतात. यांपैकी ‘असिस्टेड लिव्हिंग’ अथवा सहाय्यित निवास म्हणवणारी गृहे केवळ राहण्या-जेवणाची सोय पाहणाऱ्या वृद्धाश्रमापेक्षा आणि अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्या शुश्रूषा केंद्रापेक्षा वेगळी असतात. तेथील रहिवासी बऱ्याच अंशी स्वावलंबी असतो, मात्र काही कामांत त्याला हात द्यावा लागतो. ही गरज मोजण्यासाठी अमेरिकी वैद्य सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेली सूची आजही वापरली जाते. तिच्यात अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे अशा सहा दैनंदिन क्रिया येतात.

प्रस्तुत लेखिकेच्या सासूबाईंना लोणावळ्याजवळील अशा एका गृहात दाखल केले, तेव्हा त्यांना अंघोळ व कपडे या दोनच क्रियांत मदत लागत होती. गृहाची पाहणी हिवाळ्यातील सुटीच्या दिवशी झाली होती. खरा कारभार उघड झाला तो पावसाळ्यात. लोणावळ्याच्या वार्षिक चार हजार मिलिमीटरच्या आसपासच्या पावसापैकी बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. या काळात भिंतींना बुरशी धरते, दमेकऱ्यांचा त्रास वाढतो आणि व्हरांड्याची फरशी दिवसभर ओली राहते. रात्री दोन्ही मजल्यांसाठी एकच मावशी असे. न्हाणीघरातील घंटेची दोरी झाडताना अडथळा होतो म्हणून वरच्या दांडीला गुंडाळून ठेवलेली होती, आणि औषधांच्या वहीत रात्री नऊच्या गोळ्यांपुढे दुपारीच सह्या होऊन गेल्या होत्या. पुढे सासूबाईंना पलंगावरून उठण्यासही आधार लागू लागला, तेव्हा ‘बेडरिडन पेशंट आम्ही ठेवत नाही’ असे कळवून त्यांना हलवण्यास अल्प मुदत देण्यात आली; अनामत रकमेच्या परताव्याविषयी करारात अक्षरही नव्हते.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की, आज लागणाऱ्या सेवेपेक्षा गरज वाढल्यावर गृह काय करील, हे आधी ठरवून घेतले पाहिजे. सहा क्रियांपैकी किती क्रियांपर्यंतची मदत मासिक शुल्कात येते, त्यापुढे किती आकार पडतो, कोणत्या अवस्थेत रहिवाशाला हलवण्यास सांगितले जाते, त्यासाठी किती मुदत मिळते आणि डिपॉझिट केव्हा परत होते, ही उत्तरे करारात लेखी असावीत. पाहणी पावसाळ्यात, आडवारी आणि अंधार पडल्यावर करावी; रात्रपाळीला किती माणसे आहेत हे मोजावे, वीज गेल्यावर इनव्हर्टरवर काय काय चालते ते पाहावे, इन्सुलिनसारखी औषधे दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहतात का याची खात्री करावी आणि औषधांच्या वहीतील सह्या घड्याळाशी ताडून पाहाव्यात. पावसाळी शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे लोटणाऱ्या पर्यटकांमुळे रस्ते तुंबत असल्याने, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेखेरीज गृहाचे स्वतःचे वाहन आहे का, आणि रुग्णाला लोणावळ्यात, तळेगावात की थेट पुण्यात नेले जाते, हेही विचारावे.

कायद्याचा आधार आहे, पण तो मर्यादित आहे. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम मुख्यतः अपत्ये व नातलग यांच्या जबाबदारीविषयी आहे. त्याखालील न्यायाधिकरण, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यापुढील सुनावणी, चरितार्थाच्या दाव्यासाठी असते. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी रुंद दरवाजे, न्हाणीघरातील आधारदांड्या अशा अटी घातल्या, परंतु त्या नव्या बांधकाम प्रकल्पांसाठी आहेत, भाड्याच्या बंगल्यातील गृहासाठी नव्हेत. मोबदला देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, मात्र तेथे तोंडी आश्वासनापेक्षा लेखी कराराला आणि पावत्यांना वजन असते. म्हणून गृहचालक ज्या आश्वासनावर सही करण्यास तयार नसेल, ते आश्वासन दिलेच नाही असे धरून निर्णय घ्यावा.