खेळाडू विद्यार्थ्याचा आत्मविश्वास

“घाबरू नकोस,” असे स्पर्धेच्या दिवशी सांगितल्याने मुलाचे भय जात नाही. आत्मविश्वास उपदेशाने नव्हे, तर अपरिचित गोष्टीचा परिचय झाल्याने येतो.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांचे उदाहरण शिक्षकबंधुभगिनींनी अवश्य ध्यानी घ्यावे. मातीच्या आखाड्यात घडलेला हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरला. गादी नवी, नियमही नवे. तेथे रीस गार्डनर या प्रशिक्षकांनी त्यांना मार्गदर्शन केले. त्या वेळी ते सहावे आले. पुढे १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले.

यावरून आपल्या शाळेपुरते काय घ्यावे?

१. केंद्रस्पर्धेपूर्वी आखलेली धावपट्टी, शिट्टी व प्रेक्षकांचा गलका यांचा अनुभव मुलांना शाळेच्या अंगणातच द्यावा.

२. मुलाची तुलना इतरांशी न करता त्याच्याच मागील उडीशी करावी. बोटभर प्रगतीही वहीत नोंदवून त्यास दाखवावी.

३. एका वेळी एकच चूक, तीही एकांतात सांगावी. “शाबास” म्हणताना काय चांगले झाले, तेही सांगावे.

४. हरलेल्या मुलास वर्गात कोणी हसू नये, याची दक्षता घ्यावी. अशा हसण्यानेच पुष्कळ मुले मैदान कायमचे सोडतात.

पदक एखाद्यासच लाभते. परंतु हरलेले मूल दुसऱ्या दिवशी आपण होऊन सरावास आले, तर शिक्षकाचे कार्य सफल झाले असे समजावे.