मातीतले गडी

झाडाचे पान गळते, जमिनीवर पडते. पावसाळ्यानंतर पाहावे, तर ते दिसत नाही. कुठे गेले? "कुजले," असे आपण म्हणतो. पण कुजले म्हणजे काय झाले?

मातीत फार बारीक जीव राहतात. त्यांना सूक्ष्मजीव म्हणतात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. चिमूटभर चांगल्या मातीत ते कोट्यवधी असतात. पालापाचोळा, शेण, मेलेले किडे हे त्यांचे अन्न. ते खाताना त्यातले नत्र, स्फुरद, पालाश मोकळे होते. मग पिकाची मुळे ते पाण्याबरोबर शोषून घेतात. पिकाला पान जसेच्या तसे खाता येत नाही. हे गडी ते रांधून वाढतात, असे म्हणा ना! पिकाने जमिनीतून घेतलेले पुन्हा जमिनीला मिळते. असा हा रहाट फिरत राहतो.

पण आपणच हा रहाट अडवतो. धसकटे, पाचट, काडीकचरा पेटवून देतो. रान साफ दिसते खरे. पण नत्र धुरावाटे उडून जाते. मागे थोडी राख उरते. गड्यांचे अन्नही जळते.

कोणी म्हणेल, "मग पेरणीच्या तोंडावर काड सरळ रानात गाडू की!" तसेही करू नये. सुक्या काडात नत्र थोडे असते. ते खाताना गडी जमिनीतले नत्र ओढून घेतात. तेवढे दिवस पीक उपाशी राहते, पिवळे पडते. म्हणून काड आधी कुजवावे, मग रानात घालावे.

ते कसे कुजवावे? १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी याचे प्रयोग केले. काडीकचरा, शेण, जनावरांच्या मुताने भिजलेली गोठ्यातली माती आणि थोडी राख यांचे त्यांनी थर दिले. पाणी शिंपडले. ढीग तीन वेळा उलथला. सुमारे तीन महिन्यांत खत तयार झाले. हीच 'इंदूर पद्धत'.

गड्यांना अन्न, ओल आणि हवा लागते. ढीग सुकला की काम थांबते. पाणी तुंबले की हवा मिळत नाही, घाण वास सुटतो. काम चालू आहे का, हे पाहायचे आहे? ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवा. थोड्या वेळाने काढून जपून हात लावा. गरम लागली, तर गडी कामाला लागले समजा.

तयार खत काळसर, भुसभुशीत होते. त्याला पहिल्या पावसात भिजलेल्या मातीसारखा वास येतो.

यंदा काड पेटवायला काडी ओढण्याआधी आपण थोडे थांबू. जे जाळणार, ती पुढच्या पिकाची भाकर आहे.