सिएटल ते अलास्का, तरी कॅनडाचा व्हिसा
प्रश्न : तळवड्यातल्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झालो. मुलगा सिएटलला असतो. जूनमध्ये तिथून क्रूझने अलास्काला जाऊन परत यायचं ठरतंय. अमेरिकेचा व्हिसा दोघांकडे आहे, तेवढा पुरेल ना? हिला एसटीतही मळमळतं. आणि तो आकाशातला हिरवा प्रकाश दिसेल का?
– एक वाचक, तळवडे

उत्तर : व्हिसा पुरणार नाही. मोठ्या क्रूझ बोटी बहुतेक परदेशी नोंदणीच्या. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यामुळे त्यांना अशा फेरीत एखाद्या परदेशी बंदराला लागावंच लागतं. म्हणून त्या बहुतेक वेळा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, कधीकधी जेमतेम संध्याकाळपुरत्या. त्यासाठीही भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा हवा. ‘आम्ही उतरणारच नाही’ यावर विसंबू नका; बुकिंगआधीच अर्ज करा.

हा व्हिसा काढणारच आहात, तर व्हँकूवरहून सुटणारी बोटही पाहा. सिएटलच्या बोटी पुष्कळदा उघड्या समुद्रातून जातात. व्हँकूवरच्या बऱ्याचशा बेटांच्या आडोशाने. वहिनींना तेच बरं. केबिन बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर घ्या. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच. बोटीवरचा दवाखाना महाग असतो, त्यामुळे प्रवास विमा टाळू नका.

हिरवा प्रकाश विसरा. जूनमध्ये तिथे रात्र नीट काळोखी होतच नाही. त्याऐवजी अलास्कातल्या जुनो शहराजवळची मेंडेनहॉल हिमनदी आणि देवमासे बघा. वाटेतल्या केचिकन बंदरात पाऊस आपल्या लोणावळ्यासारखा, तोही थंड! छत्री घरी ठेवा, रेनकोट न्या.