क्रीडांगण आणि बुद्धीची जडणघडण

सिडकोच्या १९७० मधील स्थापनेनंतर पनवेल परिसराचे नागरीकरण वेगाने झाले आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. अशा वाढत्या वस्तीत शाळेच्या क्रीडांगणाचे मोल केवळ करमणुकीपुरते नाही.

हालचालींचा मेळ साधणारा लहान मेंदू आणि नियोजन, एकाग्रता व संयम यांस आधारभूत असलेला मेंदूचा पुढील भाग अनेक कामांत एकत्रच क्रियाशील होतात, याकडे ॲडेल डायमंड यांनी २००० साली लक्ष वेधले. लंगडी घालणाऱ्या मुलाला एका पायावर तोल सांभाळून गडी हेरावा लागतो, हद्द पाळावी लागते, क्षणात बेत बदलावा लागतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कार्यातही परिसरातील साध्या वस्तूंनी मुलांच्या हातांना काम दिले.

केवळ खेळून गणित येत नाही, हे खरे. तथापि खेळाचा तास कापून ते अधिक येईल, असेही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेस क्रीडांगण आवश्यक मानले आहे. ते राखणे ही पंचायत सदस्यांची, तर खेळाचा तास राखणे ही शिक्षकांची जबाबदारी होय.