हवेची गादी आणली, कूस कोण बदलणार?

घरातले कुणी अंथरुणाला खिळले की आठवड्याभरात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, पाठीला जखम होऊ नये म्हणून कोणती गादी घेऊ?" न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेल्या आजी असोत, की अर्धांगवायूने एक बाजू गेलेले आजोबा. अंधेरी असो की मुलुंड, घर दोन खोल्यांचे, मुलगा-सून दोघे नोकरीला आणि दिवसा एखादी मावशी ठेवलेली. अशा वेळी दुकानदाराने दाखवलेली गादी म्हणजे मोठा आधार वाटतो. आधार तो आहेच. पण किती, ते गादी घेण्यापूर्वी समजून घ्यायला हवे.

आधी ही जखम, म्हणजे शय्याव्रण, होते कशी ते पाहू. माकडहाड, खुबा, टाच, घोटा, कोपर या ठिकाणी हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस फार थोडे असते. अंगाच्या भाराने ते हाड आणि बिछाना यांच्यात चेपले जाते. तिथल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांतील दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर इतकाच असतो. बाहेरचा दाब त्याहून वाढून तसाच राहिला, की त्या जागी रक्त पोहोचत नाही आणि तिथले मांस मरू लागते. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस पालटत असतो. लकवा झालेल्याला किंवा अगदी अशक्त झालेल्याला ते जमत नाही. मधुमेही रुग्णाला तर पायाला दुखतेय हेही पुष्कळदा कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इंग्लंडमधील स्टोक मँडेविल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. त्या काळी असे सैनिक बहुधा शय्याव्रण आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. गुटमन यांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक घातला. घरोघरी आज सांगितला जाणारा दोन तासांचा नियम तो हाच.

आपल्या मुंबईतले उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली तिथेच झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या, त्या १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने निधन होईपर्यंत. जवळजवळ ४२ वर्षे! त्यांच्याविषयीचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला तेव्हा, २०११ साली, रुग्णालयाच्या अहवालात नोंद होती की इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झालेला नाही. न्यायालयाने परिचारिकांचे मनापासून कौतुक केले. या काळात किती परिचारिका निवृत्त झाल्या, किती नव्या आल्या, पण कूस बदलणे आणि अंग पुसणे चुकले नाही. याउलट 'सुपरमॅन'ची भूमिका करणारे अमेरिकन अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडून लुळे झाले. पैसा, यंत्रे, सेवक कशाचीच वाण नव्हती. तरी २००४ साली शय्याव्रणातील जंतुसंसर्ग शरीरभर पसरल्यानंतर त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे जखम कुणालाही होऊ शकते. तिला हलक्याने घेऊ नये.

आता गादीकडे वळू. रुग्ण स्वतःहून कूस वळवत असेल, दिवसातून थोडा वेळ खुर्चीत बसत असेल, तर चार-पाच इंच जाडीची, चांगल्या घट्ट फोमची गादी पुरते. जुनी, गोळे झालेली कापसाची गादी मात्र नको. ज्याला हलताच येत नाही त्याच्यासाठी पंपावर चालणारी हवेची गादी घ्यावी. तिच्यात दोन प्रकार मिळतात. एक फुग्याफुग्यांची, जिला दुकानात बबलची म्हणतात. ती दोन-चार हजारांत येते, पण उंचीला कमी असते. दुसरी आडव्या नळ्यांची, अधिक उंच आणि महाग. रुग्ण वजनदार असेल किंवा जखम आधीच झाली असेल, तर नळ्यांची बरी. दोन्हींत काही कप्पे फुगतात तेव्हा शेजारचे बसतात, आणि काही मिनिटांनी उलट होते, त्यामुळे दाबाची जागा बदलत राहते. "अर्धी गादी फुगतच नाही, पंक्चर आहे," अशी तक्रार घेऊन लोक दुकानात जातात. अहो, ते तिचे कामच आहे!

पंपावरचे बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावायचे असते. पुष्कळ जण 'फुल' करून ठेवतात आणि गादी दगडासारखी होते. तपासायची रीत सोपी आहे. रुग्ण झोपलेला असताना गादीखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली, तळहात वर करून हात सरकवा. मध्ये इंचभर तरी हवा जाणवली पाहिजे. हाड बोटांना टेकले तर गादी अपुरी आहे. ही हवेची गादी नेहमीच्या गादीवर अंथरायची आणि वर एकच सुती चादर घालायची. वर मेणकापड, त्यावर दुपटे, त्यावर गोधडी असे थर चढवले की पैसे पाण्यात. शिवाय मुंबईच्या दमट हवेत मेणकापडाखाली घाम साठून कातडी नरम पडते, ते वेगळेच. पंपाची नळी पलंगाखाली मुडपत नाही ना, तेही बघावे. दिवे गेले तर हवा हळूहळू उतरते, तेव्हा कूस बदलण्याकडे जास्त लक्ष हवे.

पाण्याची गादी मी सहसा सुचवत नाही. भरल्यावर ती भलतीच जड होते, तिच्यावर रुग्णाला वळवणे कठीण जाते आणि एकदा गळू लागली की घरभर पाणी. बसायची हवेची रिंगही नको. तिच्या कडेचा दाब पडून मधल्या भागाचे रक्त उलट अडते. पूर्वी रुग्णालयांत पाठीला स्पिरिट लावून पावडरने चोळत, आमच्या शिकण्याच्या काळी ते कौतुकाने दाखवत. आता लाल झालेली जागा चोळू नये असे सांगतात, कारण खालचे कमजोर मांस त्याने आणखी दुखावते.

दोन तासांचा नियम रात्री कसा पाळायचा, हा घरोघरचा खरा प्रश्न. सकाळची लोकल पकडायची असते. हवेची गादी चांगली असेल आणि कातडी स्वच्छ राहत असेल तर रात्रीचे अंतर थोडे वाढवता येते, मात्र ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी लावून थोडे तिरके ठेवावे, म्हणजे खुब्यावर भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवाव्यात. रुग्णाला ओढून वर घेऊ नये. दोघांनी चादरीची झोळी करून उचलावे. डाळ, अंडे, दूध पोटात जात नसेल तर नुसत्या गादीने भागत नाही.

आणि रोज अंघोळीच्या वेळी पाठ, खुबे, टाचा उजेडात पाहाव्यात. लालसर जागा बोटाने दाबा. दाब काढल्यावरही ती फिकी पडली नाही, तर ती सुरुवात समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे ती जागा शेजारच्यापेक्षा काळपट, गरम किंवा टणक लागते का ते हाताने पाहा. तसे आढळले तर त्या जागेवरचा भार लगेच काढावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. साल निघेपर्यंत वाट पाहू नये.